ताईला न सांगितलेला शेवट

ताई मंगळवारी गेली. भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. तास संपवला, कॉव्हेंट्रीहून ट्रेन घेतली आणि साउथहॅम्प्टनला ताईच्या घरी पोचले.

त्या दिवसाबद्दल मी पुष्कळांशी बोलले आहे. त्याच्या आधीच्या वर्षातल्या एका दुपारबद्दल कुणाशीच नाही. नवऱ्याशी नाही, आईशी नाही. तुम्हाला सांगते आहे — निदान सुरुवात करते.

मी विद्यापीठात शिकवते. सुरुवातीच्या शतकांतले ख्रिस्ती लोक आजारी पडले की काय करायचे, वैद्याकडे जायचे की संताकडे, हा माझा विषय. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सर्जन. त्यामुळे घरात एक चेष्टा ठरलेली होती: आमच्याकडे दोन डॉक्टर, एक कापतो आणि एक गोष्टी सांगते. मीही हसायचे. दुसरं काय करणार?

ताईच्या आतड्यात गाठ निघाली, तेव्हा भाऊजींनी इथे इंग्लंडमधल्या आपल्या डॉक्टरांच्या घरांत जे होतं तेच केलं. शनिवारी मित्रांना जेवायला बोलावलं, आणि पावभाजीच्या प्लेटा सरकवून स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली. परक्यांच्या आधी आपली माणसं बघतात. प्रेमानेच बघतात. "वहिनी, लवकर सापडलंय," कुणीतरी म्हणालं. "शौचासाठी पोटावर पिशवी लागेल, पण काही महिनेच. मग पुन्हा पावभाजी." ताई पाव भाजत होती. तिला बसायला कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही.

ऑपरेशनची तारीख मिळाली आणि ती माझ्याकडे आली. दोन दिवस राहते, म्हणाली.

मोठ्या बहिणीने मला कधी काही विचारलं नव्हतं, सल्ला तर नाहीच. त्या दुपारी आम्ही मटार सोलत होतो. "पिशवी लावून देवापुढे कशी बसू गं?" ती म्हणाली. "यांना विचारलं तर हसतील." आणि मग, मान वर न करता, "तुझे ते संत काय करायचे?"

मी सांगितलं. दोन भाऊ होते, दोघेही वैद्य, पुढे संत मानले गेले. आजारी माणसं त्यांच्या चर्चमध्ये जाऊन झोपायची. भाऊ स्वप्नात येऊन तपासायचे, उपाय सांगायचे. फी घ्यायचे नाहीत.

"फी नाही? म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यासारखंच की. वेटिंग लिस्ट असेल मग."

"होती. लोक महिनोन्‌महिने पडून असायचे."

"आणि कापायचे?"

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. एका बाईच्या पोटात गाठ असते. वैद्य म्हणतो, कापू. ती घाबरून त्या चर्चमध्ये जाते, झोपते. भाऊ येतात, पोटावर मेणाचा लेप लावतात आणि म्हणतात, घाई नाही. सकाळी दुखणं थांबलेलं असतं.

एवढंच सांगितलं.

गोष्ट तिथे संपत नाही. भाऊ पुन्हा स्वप्नात येतात आणि त्या बाईला रागावतात — लेप दुखण्यासाठी होता, गाठीसाठी नव्हे. ऊठ, वैद्याकडे जा, कापताना त्याचा हात आम्ही सांभाळू. माझा सगळा प्रबंध या शेवटावर उभा आहे. हे संत वैद्यांच्या विरुद्ध नव्हते, हेच तर मी वर्षानुवर्षं लिहीत आले. शेवट विसरले, असं म्हणायची मला सोय नाही.

मग का थांबले? तिचा चेहरा सैल झाला म्हणून — असं मी स्वतःला बराच काळ सांगितलं. पण खरं सांगू? त्या शनिवारी टेबलाभोवती सगळे बोलत होते आणि मी प्लेटा उचलत होते. आता ताई त्यांना सोडून माझं ऐकत होती. मला ते आवडलं. आवडलं, म्हणून शेवट सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझ्याच घरातून हॉस्पिटलला फोन केला आणि तारीख पुढे ढकलली. मी शेजारच्या खोलीत होते. ऐकू येत होतं. बाहेर येऊन म्हणाली, "घाई नाही, नाही का?" मी म्हणाले, "बघ, तुला कसं वाटतं ते."

तेव्हाही सांगता आलं असतं. त्यानंतर प्रत्येक फोनवर सांगता आलं असतं. तारीख पुन्हा पुढे गेली. भाऊजी समजावायचे, ती म्हणायची मला माझ्या मनाने ठरवू द्या, आणि ते विषय सोडून द्यायचे. अखेर ऑपरेशन झालं तेव्हा आजार यकृतात गेला होता.

तेरावा झाल्यावर भाऊजी माझ्याजवळ येऊन बसले. "का थांबली ती? तुझ्याशी काही बोलली होती का गं?"

मी म्हणाले, "नाही, भाऊजी."

हेच सांगायचं होतं. इतका वेळ याच्याभोवती फिरत होते. गोष्ट अर्धवट सांगितली तेव्हा पुढे काय होईल ते मला माहीत नव्हतं. हे "नाही" म्हणताना सगळं माहीत होतं.

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "पेशंटला ठणकावून सांगतो, बायकोला सांगता आलं नाही." मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सांत्वन केलं — मी.

त्यानंतर ते माझ्याकडे येत राहिले, आणि दरवेळी सांगणं अधिक अवघड होत गेलं. आता सांगायचं तर फक्त ती दुपार सांगून भागत नाही. भाऊजी इतकी वर्षं स्वतःला दोष देत माझ्यासमोर बसले आणि मी चहा ओतत राहिले, हेही सांगावं लागेल. त्यांना येऊ नका म्हणता येत नाही. कोणत्या कारणाने म्हणू? तुझ्याशी बोललं की हलकं वाटतं, असं ते म्हणतात. दर हिवाळ्यात ती गोष्ट मी वर्गात शिकवते, शेवटासकट. आवाज कापत नाही. कापायला नको का?

भाऊजींनी ऑपरेशनं करणं सोडलं. महिन्यातल्या एका रविवारी ते गाडीने माझ्याकडे येतात. ताई आपल्यामुळे गेली असं ते मानतात, आणि मी त्यांना काही सांगितलेलं नाही.