झोपडीतला शिष्य

नवरा जहाजावर इंजिनियर आहे. मी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते, कट्टा गावाजवळच्या सासरच्या घरी पडवीत बसून. गेममधलं पात्र तलवार चालवायला किंवा होडी हाकायला कसं शिकेल, हळूहळू तरबेज कसं होईल, ते मी ठरवते. तो समुद्रावर गेला की घरात मी आणि सासूबाई, एवढ्याच.

बहुतेक खेळांत लांडगे मारले की गुण मिळतात आणि त्या गुणांवर काहीही शिकता येतं, अगदी वैद्यकीसुद्धा. मला ते पहिल्यापासून खोटं वाटायचं. लांडगे मारून कुणी वैद्य होतो का? म्हणून या नव्या खेळात मी एक नियम आणला. विद्या शिकायची तर गुरू हवा, आणि गुरू म्हणजे दुसरा खेळाडू, खराखुरा माणूस. दोघं एकाच वेळी हजर असतील तरच शिकणं पुढे सरकायचं.

खरं सांगायचं तर हा नियम सुचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर नवराच होता. त्याचं जहाज बंदराला लागलं की आम्ही खेळात भेटायचो. मी वैदीण, तो माझा शिष्य.

"वैद्यकीच कित्याक रे?" मी विचारलं होतं.

"दिवसभर लोखंडच बघतंय गो. हंय तरी झाडपालो बघूया."

मी मुळी दाखवायची, त्याने वाटायची. बोलणं मात्र घरचंच असायचं. काजू किती झाले, आईचा गुडघा कसा आहे. मागून सासूबाई विचारायच्या, "जेवलो काय तो?" आणि तो तिकडून ओरडायचा, "जेवलंय गे आये!"

मग त्याचं जहाज लांबच्या फेरीला लागलं. नेट कधीतरीच, तेही नेमकं मी झोपेत असताना. माझ्या झोपडीत त्याचं पात्र खलबत्त्यासमोर नुसतं बसून असायचं. मी सकाळी काम सुरू करण्याआधी तिथे जाऊन यायची. काही करण्यासारखं नसायचं, तरी जायची.

तेवढ्यात खेळ तपासणाऱ्यांच्या तक्रारी आल्या. गुरू येत नाहीत, आम्ही अडकून पडलोय. आमची टीम लीड पुण्याची, सरळ बोलणारी. म्हणाली, "गुरू नसेल तेव्हा कॉम्प्युटर शिकवेल, असं करून टाक. दोन दिवसांचं काम आहे."

ती चूक नव्हती. पण त्या झोपडीत माझं सोंग घेऊन एक यंत्र बसणार आणि त्याला मुळ्या दाखवणार, ही कल्पना मला सहन होईना. मी आज-उद्या करत राहिले.

शेवटी त्याचा फोन आला. आवाज तुटत होता. मी सगळं सांगितलं.

"अगो, मशीन कित्याक व्हया?" तो म्हणाला. "तू माका काम देवन जा. मी करून ठेवतंय. तू येतलंस तेव्हा बघ. आमचो चीफ तसांच करता. काम सांगता नि जाता निघान. मगे येवन बघता."

"आणि चुकलास तर?"

"तर बोल! तेच्यासाठीच तर करूचा."

मी तसंच केलं. गुरूने काम ठेवून जायचं, शिष्याने आपल्या वेळेला करायचं. पण गुरूने येऊन पाहिल्याशिवाय ते विद्येत जमा होणार नाही. पाहताना गुरूला चार शब्द लिहिता येतील. लीडने थोडी कुरकुर केली, पण खेळाडूंना ते आवडलं आणि नियम टिकला.

त्यानंतर त्याला रात्री नेट मिळालं की सकाळी झोपडीत फळीवर त्याने केलेली औषधं मांडलेली असायची. मी एकेक उघडून बघायची. सगळी नीट, आणि एक हमखास बिघडलेलं. कधी सालीऐवजी पान, कधी मध जास्त. त्यावर मी बरंच काही लिहायची. पुष्कळ दिवसांनी फोन लागला तेव्हा विचारलं, "दर खेपेक एकच कसा चुकता रे?"

तो हसला. "सगळा बरोबर केल्यार तू नुसता 'छान' लिवतंस."

पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग लाईन गेली.

विद्या पुरी झाली की शेवटची परीक्षा, आणि ती दिली की शिष्याने गुरूचं घर सोडून स्वतःची झोपडी बांधायची, असंही मीच ठरवलेलं आहे. तो तिथवर येऊन थांबला. मी निरोप ठेवला, "परीक्षा दी." उत्तर आलं, "माका परीक्षा नको. पास झालंय तर भायर काढतलंस."

परवा लीडने आकडे बघून विचारलं, "बरेच शिष्य शेवटच्या परीक्षेआधी थांबतायत. परीक्षा फार अवघड झालीय का?"

"नाही," मी म्हटलं, "सोपी आहे."

"मग बदलायचं काही?"

"राहू दे तसंच."

त्याच्या बदलीचा माणूस वेळेवर पोचला नाही, त्यामुळे त्याचं येणं पुन्हा पुढे गेलंय. सासूबाईंना ते अजून सांगितलेलं नाही. आज सकाळी त्या, तो येणार म्हणून, खोली झाडून गादी उन्हात घालत होत्या. मी जाऊन दुसरं टोक धरलं.