दूधभातावरची घार

आमच्या सोनागिरी कॉलनीतल्या कांचनताई देवस्थळी दर रविवारी भोपाळबाहेरच्या पक्षी उपचार केंद्रात जातात, एका घारीच्या पिंजऱ्यासमोर उभ्या राहतात आणि आलेल्या लोकांना स्वतःची चूक सांगतात. ताई निवृत्त गणिताच्या बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणारी माणसं स्वतःच्या झाकून ठेवतात, असा माझा अनुभव. ताईंनी तो खोटा ठरवला.

तीन वर्षांपूर्वी वादळात घरट्यातून पडलेलं हे घारीचं पिल्लू त्यांनी घरी आणलं. घरात अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून त्याला दूधभात आणि पनीर. एकादशीला भाताऐवजी भगर. तीन आठवडे असे लाड झाले आणि पिल्लाला उभं राहता येईना. केंद्रातल्या डॉक्टर विक्रांतनी एक्स-रे दाखवला. मांस आणि बारीक हाडं पोटात न गेल्यामुळे पायाची, पंखांची हाडं मऊ होऊन वाकली होती. घार जगेल, पण कधीच उडणार नाही, असं ते म्हणाले. ताई आठवडाभर रडल्या. मग डॉक्टरांकडे जाऊन म्हणाल्या, हे लोकांना मीच सांगते. माझ्या सांगण्याने एक पिल्लू वाचलं तरी पुरे.

तेव्हापासून त्या सांगतात : जखमी पक्षी सापडला तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, काही भरवू नका, आधी फोन करा. सोबत आपला नंबर देतात. लोक ऐकतात कमी, फोटो काढतात जास्त. एकदा बायकोने, प्रियाने, मला ओढून नेलं होतं. मी जांभया देत होतो. एका गृहस्थांनी ताईंना सुनावलं की पाखराला दूध पाजणं हे तर पुण्याचं काम. ताईंनी घारीच्या वाकड्या पायांकडे बोट दाखवलं.

"भाईसाब, ये मेरा पुण्य है. देख लीजिए."

माझी जांभई तिथेच थांबली.

यंदा जूनमध्ये कावळ्यांनी टोचलेलं शिक्र्याचं, म्हणजे लहान शिकारी पक्ष्याचं, पिल्लू आमच्या गॅलरीत पडलं. आई लगेच दुधाची वाटी आणि कापसाची वात घेऊन आली. पिल्लू चोच उघडून बघत होतं. खरं सांगतो, मीही विरघळलोच होतो. पण ते पाय आठवले. आईच्या हातून वाटी काढून घेतली आणि ताईंना फोन लावला. त्या येऊन पिल्लू केंद्रात घेऊन गेल्या. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बोलावून खोकं उघडलं. शिक्रा सरळ समोरच्या सागाच्या शेंड्यावर गेला. आईने हात जोडले. ताईंचे आभार कसे मानायचे, ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. माझे दोन्ही हात धरून त्याच रडायला लागल्या.

"तीन वर्षं लोक पिल्लाला दूध पाजून झाल्यावर मला फोन करतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी केलात."