थेंबभर गोडवा

सकाळी नर्सनं साखर तपासायला बाबांच्या बोटाला सुई टोचली. "आई गं!" बाबा कळवळले. खिडकीतल्या कोवळ्या उन्हात बोटावर रक्ताचा थेंब उमलला, डाळिंबाच्या दाण्यासारखा. मी बघतच राहिले. एवढ्याशा थेंबात किती वर्षांचा गोडवा मुरला असेल! त्यानंच नसा बधिर करत छातीतलं दुखणंही मुकं करून टाकलं होतं; हार्ट अटॅक आला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "जरा दमल्यासारखं वाटतंय." आता साखर आटोक्यात राहिली तर हृदय सावरेल, असं डॉक्टर म्हणतात.

आईनं ते बोट हातात घेतलं, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी फुंकर घातली आणि हळूच म्हणाली, "दुखलं ना? बरं झालं."