चार नंबरचं कार्ड

पाथर्डी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. दसरा झाला की आमच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्यासोबत गरोदर बायाही जातात. आम्ही दिलेलं तपासणीचं पुस्तक फडावरच्या पाचटाच्या कोपीत भिजतं, नाहीतर गावातच पेटीत राहतं, आणि तिकडच्या डॉक्टरला बाईचं काहीच कळत नाही. म्हणून त्या वर्षी मी क्यूआर कोडची कार्डं केली.

मोबाईलवर बघून बघूनच शिकले. एकेका बाईची माहिती एकेका ऑनलाइन फाईलमध्ये लिहिली, फाईलच्या लिंकचा कोड केला, छापून लॅमिनेट करून घेतला. गुपित राहावं म्हणून फाईलला नावाऐवजी नंबर दिला. कार्डावर एकही अक्षर नाही, नुसता काळा-पांढरा चौकोन. माझा फोन नंबरसुद्धा आत फाईलमध्येच. पहिली नऊ कार्डं एका टोळीबरोबर गेली.

नगरला कॉलेजात शिकणारी माझी मुलगी सुट्टीला आली, तेव्हा म्हणाली, "आई, ही लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं वाचता येईल." मी घाबरले आणि त्याच दिवशी फायली बंद केल्या, माझ्या परवानगीशिवाय कुणालाच उघडू नयेत अशा. पुढच्या कार्डांत माहिती थेट कोडातच भरली, म्हणजे कार्ड हातात असेल त्यालाच, आणि नेट नसलं तरी वाचता यावी. मजकूर वाढला की ठिपके इतके बारीक होत की जुना मोबाईल वाचेना, म्हणून काटछाट केली. कडेची पांढरी जागा कापली तर कोड लागत नाही, हे चार कार्डं वाया घालवल्यावर समजलं. या गडबडीत त्या पहिल्या नऊ जणींना नवी कार्डं पाठवायची राहिली. टोळीच्या मुकादमाला आज फोन करू, उद्या करू, असं म्हणत महिना गेला.

लसीकरणाचा दिवस होता, अकराची वेळ. समोर आई बाळाला मांडीवर धरून बसलेली, माझ्या हातात सुई. टेबलावरच्या मोबाईलवर मेल आला. कुणी अनोळखी माणूस 'चार नंबर' फाईल उघडायची परवानगी मागत होता.

चार नंबर कोण, हे मला पाठ होतं. मागच्या बाळंतपणात तिला भयंकर रक्तस्राव झाला होता, आणि रक्तगट ओ निगेटिव्ह, सहसा न मिळणारा. तिचे दिवस भरायला अजून महिना होता.

बाळाला टोचलं आणि आशाताईला "जरा बघा" म्हणून बाहेर धावले. परवानगीचं बटण दाबलं. चक्र फिरतच राहिलं. लोखंडी शिडीनं गच्चीवर चढले, तिथं थोडी रेंज आली. पुन्हा दाबलं. 'परवानगी दिली' असं आलं खरं, पण पलीकडं कुणी पाहतंय का, काय कळणार? मेल लिहिला: मी तिची नर्स, हा माझा नंबर, ओ निगेटिव्ह, मागच्या वेळी जास्त रक्तस्राव, लगेच फोन करा. मुकादमाचा फोन बंद लागला.

खालून आशाताई ओरडली, "सिस्टर, बाया खोळंबल्यात!"

"आले, आले," म्हणाले, पण रेंज सोडून उतरायची हिंमत होईना.

फोन वाजला. "सिस्टर? मी डॉक्टर बोलतोय. तुमची पेशंट माझ्यासमोर आहे, रक्त जातंय. सोबत फक्त सासू, तिनं हे कार्डच पुढं केलं. केव्हापासून उघडत नव्हतं."

"सर, फाईल मीच बंद केली होती."

"ते नंतर बोलू. रक्तगट पक्का?"

"दोनदा तपासलाय."

"मग इथं थांबवत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवतो, रक्ताची सोय करून ठेवायला सांगतो."

मग सासूच्या हातात फोन आला. "बाई, माज्या सुनंचं काय व्हईल वो?"

"मावशी, गाडीत तिला डाव्या कुशीवर निजवा. गाडी निघाली की मला कळवा."

खाली आले. पुढच्या बाळाचं कार्ड दोनदा वाचलं, मगच सुई उचलली. बाया कुरकुरत होत्या. चार वाजता डॉक्टरांचा फोन आला: ऑपरेशन झालं, मुलगी आहे, वजन कमी आहे, आईला दोन पिशव्या रक्त चढवलं, दोघी ठीक. मी औषधांच्या खोलीत जाऊन कडी लावली आणि रडले.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठ जणींची माहिती मुकादमामार्फत पोचवली. नव्या कार्डांवर कोडाच्या शेजारी रक्तगट, धोका आणि माझा नंबर ठळक अक्षरांत छापला. घरच्या माणसाच्या मोबाईलवर माझ्यासमोर कोड उघडल्याशिवाय कार्ड हातात द्यायचं नाही, असं ठरवलं.

टोळी परतल्यावर चार नंबरवाली लेकीला घेऊन सासूबरोबर आली. मी सांगून टाकलं, "त्या दिवशी कार्ड उघडलं नाही ते माझ्यामुळं. मी बंद केलं होतं आणि तुम्हाला कळवलं नाही."

"पर उगडलं ना शेवटी," सासू म्हणाली.

मी पुढं केलेलं नवं कार्ड सुनेनं उलटसुलट करून पाहिलं.

"ह्ये कुनी बंद करनार न्हाई ना?"

"नाही. हे मलाही बंद करता येत नाही."

तिनं कार्ड पिशवीत ठेवलं आणि लेकीला वजनकाट्यावर निजवलं.