डासमावशी आणि उपाशी ड्रायव्हर

लोक तिला डासमावशी म्हणत आणि तिला त्याचं काडीइतकंही वाईट वाटत नसे. सकाळी सकाळी रिकाम्या पोटी बसलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचं रक्त काढायचं आणि बाटल्या लॅबमध्ये पोचवायच्या, हे तिचं काम. "डास न सांगता चावतो, मी बेल वाजवून चावते," असं ती स्वतःच म्हणायची. हात मात्र असा हलका, की सुई कधी गेली आणि कधी निघाली ते कळू नये. रिटायर झालेल्या बस ड्रायव्हरकाकांच्या शिरा म्हणजे महाबिलंदर, सुई दिसली की दडून बसणाऱ्या. इतरांनी त्यांच्या हाताची चाळण केली होती. मावशी गप्पा मारता मारता नुसतं बोट फिरवायची, आणि शीर आपसूक वर यायची.

अशाच एका घरी तिला एक पोरगी भेटली. सिनेमे काढायची. रक्त देताना ती सुईकडे नाही, मावशीच्या तोंडाकडे बघत होती.

"मावशी, माझ्या सिनेमात काम कराल? रक्त पिणाऱ्या पिशाचाचं?"

"म्हणजे माझं थोबाड पिशाचासारखं आहे म्हणायचं!"

"अजिबात नाही, म्हणूनच तर! काळा झगा, किल्ला, वटवाघळं, याला आता कोण भितं? पिशाच बोलावल्याशिवाय आत येत नाही ना? मग मला असं पिशाच हवं, ज्याला लोक आपणहून दार उघडतील आणि वर पाणी विचारतील."

मावशीला हसू आलं, आणि ती हो म्हणून बसली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात मान खाली घालून काम केलेल्या बाईला एकदा मान वर करावीशी वाटली, तर त्यात तिचं काय चुकलं?

चावा घ्यायच्या प्रसंगात तिला एकही वाक्य नव्हतं. नटाच्या मानेवर वाकायचं, बस. ती वाकली आणि सवयीनं तोंडातून गेलं, "थोडं टोचेल हं." चावून झाल्यावर पुढचंही गेलं, "दोन मिनिटं दाबून धरा." तो धिप्पाड नट शहाण्या बाळासारखा मान दाबून बसला. मावशीनं जीभ चावली. "चुकलं गं बाई! परत घे." पण त्या पोरीच्या अंगावर काटा आला होता. ती म्हणाली, "परत नाही घ्यायचं. हाच माझा सिनेमा."

आणि खरंच, तोच सिनेमा झाला. थिएटरात ते प्रेमळ वाक्य आलं, की माणसं खुर्चीत आक्रसून जात. मावशीनं स्वतः तो बोटांच्या फटीतून पाहिला. कौतुकाचा नुसता पाऊस पडला आणि मला विचाराल तर तो पडायलाच हवा होता. इतक्या मायेनं कुणी कुणाला भिववलं असेल, असं मला वाटत नाही.

पण त्या कौतुकामागून जे आलं, ते वाईट होतं. मावशी कुणाच्या दंडाला पट्टा बांधून "थोडं टोचेल" म्हणाली, की समोरचा हात मागे घेई. एक गृहस्थ इतके हसले की शीर निसटली. एका घरानं दारच उघडलं नाही. शेवटी ड्रायव्हरकाकांच्या सुनेचा लॅबमध्ये फोन आला, "त्यांना पाठवू नका. मला भीती वाटते."

लॅबचे साहेब म्हणाले, "मावशी, थोडे दिवस आतच बसा. बाटल्यांना लेबलं लावा."

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. मावशी लेबलं लावायची आणि डोळे पुसायची. पडद्यावर नाव आलं होतं, पण माणसं तुटली होती, आणि तिला हवी होती ती माणसंच. सिनेमाला हो म्हटल्याचा तिला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

पुढच्या तपासणीला ड्रायव्हरकाकांकडे दुसरा माणूस गेला. काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं.

"तिला बोलवा. ती येईपर्यंत मी उपाशी बसतो."

"बाबा, तुम्हाला साखरेचा त्रास आहे. चक्कर येईल!"

"आली तर आली. गाडी मी थांब्यावरच उभी करणार."

दुपार व्हायला आली, काकांचे हात थरथरायला लागले, तशी सून धावत लॅबमध्ये आली. मावशीनं पिशवी उचलली. घरापाशी आल्यावर मात्र ती उंबऱ्याबाहेरच थबकली. इतकी वर्षं ती या घरात सरळ घुसत आली होती.

"आत या ना," सून हळूच म्हणाली.

शीर पहिल्याच बोटाला वर आली. नमुना निघाला आणि काका ताटावर बसले. तोंडात घास असतानाच म्हणाले, "हिलाही डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. रोज उद्या, उद्या करते."

सुनेचा चेहरा उतरला. "मावशी, खरं सांगू? मी सुईला लहानपणापासून भिते. तुम्ही आलात, की मी कायम स्वयंपाकघरात जाऊन बसायचे. सिनेमाचं नुसतं निमित्त झालं. तुमचं काम गेलं माझ्यापायी."

पिशवीची चेन लावता लावता मावशी अर्ध्यावर थांबली.

"बाबा जेवले नव्हते, म्हणून मलाही सकाळपासून घास उतरला नाही," सून म्हणाली. खुर्ची ओढून ती समोर बसली, बाही वर केली, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. "तुम्ही घ्या. दुसऱ्या कुणाला मी हा हात देणार नाही."

मावशीनं तो हात हातात घेतला. तो गारठला होता. तिनं आधी तो चोळून चोळून उबदार केला.