भामाबाईचा आवाज

त्या सकाळी दारात हाक आली, "काका, बोंबील हाय ताजं!" आणि मी चहा तसाच ठेवून उठलो. आवाज भामाबाईचा होता. जाड, खालच्या पट्टीतला, शब्द ओढत आणणारा. करंजाहून पनवेलला मासळीची पाटी आणणारी भामाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती.

दार उघडलं. समोर तिची सून, हौसा.

एरवी हौसाची हाक अशी, की माइकशिवाय शेवटच्या रांगेला ऐकू जावी. आता तीच सासूच्या आवाजात बोलत होती. चेहरा सुजलेला, भुवया विरळ, आणि भर मे महिन्यात अंगात स्वेटर!

"हे काय गं?"

"थंडी वाजते, काका. केस हातात येतात. पोट साफ व्हत नाय. जेवन जात नाय, तरी आंग फुगतंय." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "घरचे बोलतात, सासू आलीय आंगात."

मंगळवारी मासळीला गिऱ्हाईक कमी. त्या दिवशी तिला पाटावर बसवतात, पुढे नारळ ठेवतात आणि भामाबाईला प्रश्न विचारतात. होडी विकू का? पोरीचं लग्न कधी? हौसा गुंगीत काहीतरी बोलते, सगळे हात जोडतात.

"मना नंतर काय आठवत नाय. मी कोन हाय, तेच कलत नाय."

मला आमची किशोरी आठवली. आमच्या नाटक कंपनीची नायिका. तिचाही आवाज असाच बसला, हालचाल मंदावली, पाठ असलेली वाक्यं हरवू लागली. "ही पिते," असं पहिल्यांदा मी म्हणालो. मालकांनी तिला काढलं. कित्येक वर्षांनी कळलं, थायरॉइड मंदावला होता. साधी रक्ततपासणी कुणी केली नाही. ती आता या जगात नाही, पण रिकाम्या रंगमंचावर अजून उभी दिसते मला, वाक्य शोधत.

तेवढ्यात हौसाला न्यायला नवरा आला. काशिराम, न्हावा शेवा बंदरात ट्रेलर चालवतो.

"काशिराम, हिचं रक्त तपासून घे. मी काही डॉक्टर नाही, पण मला थायरॉइडची शंका येते."

"काका, तुमी नाटकवाले. तुमाला सगलं सोंगच वाटनार."

"सोंग ओळखतो म्हणूनच सांगतो. सोंग घेणारा विंगेत गेला की आवाज टाकून देतो. ही पोरगी खोकते तेही याच आवाजात. अरे, घसा आजारी आहे हा!"

तो पाटीशी वाकला. मग हळूच म्हणाला, "आन औषधानं आय गेली तर?"

हौसा पायरीवर बसली होती. भिंतीला धरून उठली. "तुमची आय ऱ्हाईल, आन मीच जाईन. चालंल?"

काशिरामने पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि तिच्यामागून दवाखान्यात आला.

डॉक्टरीणबाईंनी हौसाचा गळा चाचपला, नाडी पाहिली, थायरॉइडची टीएसएच रक्ततपासणी लिहून दिली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. आकडा हवा त्याच्या कितीतरी पट. थायरॉइड फार मंद. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही, आणि दीड महिन्याने पुन्हा तपासणी.

गुण सावकाश आला. आधी स्वेटर गेला, मग सूज. घशातली ती म्हातारी सगळ्यात शेवटी गेली. कुठल्या दिवशी गेली, ते फक्त काशिरामला माहीत आहे. त्या दिवशी तो ट्रेलरवर गेला नाही, अंगणात पाठ करून बसून राहिला, असं हौसा सांगते.

मंगळवारचा पाट उचलला. हौसा दोन पाट्या घेऊन येते, भाव करताना माझ्याशी भांडते.

"गोळी विसरत नाहीस ना?" मी विचारलं.

"विसरू कशी? आमचे हेच देतात, पाण्याच्या पेल्यासकट. देताना माज्याकडं बघत नायत. पन एक दिवस चुकवत नायत."