‘इनकन्व्हिनियन्स’वर मी सही केली नाही

मंडळी, आज हावड्याच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी चक्क भांडून आले.

गेल्या महिन्यात आम्ही हावड्याजवळच्या गार्डन रीच भागात राहायला आलो. सामान हलवताना या ट्रान्सपोर्टच्या माणसांनी माझं शिलाई मशीन पाडून मोडलं. तेव्हापासून माझं काम बंद आहे. शिवायला दिलेलं लग्नाच्या ब्लाउजांचं कापड बायकांनी तसंच परत नेलं.

आज क्लार्कने माझ्या तक्रारीचा टाइप केलेला कागद सहीसाठी पुढे सरकवला. त्यात ‘इनकन्व्हिनियन्स’ लिहिलं होतं. म्हणजे गैरसोय!

“ये नहीं चलेगा,” मी म्हटलं. “नुकसान लिखिए.”

“ठीक है, डॅमेज लिख देता हूँ.”

“डॅमेज मशीनचं झालं. माझं काम गेलं, त्याचं काय?” रागात मी मराठीतच बोलत होते.

नवरा हळूच म्हणाला, “अगं, कर ना सही. एका शब्दाने काय होतंय?”

माझं इंग्रजी बेताचं आहे. पण मी खुर्ची सोडली नाही. नेमका शब्द आठवेना, म्हणून मोबाइलवर मराठीत विचारलं, ‘कमाई बुडाली याला इंग्रजीत काय म्हणतात?’

‘लॉस ऑफ इन्कम.’

ते मी मोठ्याने वाचून दाखवलं. क्लार्क म्हणाला, “हाउसवाइफ का इन्कम?”

“हो. माझंच!”

शेवटी त्याने कागद बदलून ‘लॉस ऑफ इन्कम’ लिहिलं, शिक्का मारला. भरपाई मिळेल की नाही, माहीत नाही. पण माझं काम बुडालं, त्याला नुसती गैरसोय म्हणवून घेऊन मी घरी आले नाही.

तुमची कमाई कुणी अशी किरकोळ ठरवली, तेव्हा तुम्ही काय केलंत?